आजीचं गोंदण पुसू नका: उन्हात काढलेले माणसांचे फोटो मोबाइलवर कसे सुधारावेत

वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर सकाळी अकराच्या सुमाराला पिंपळाखाली काढलेला एक फोटो समोर ठेवून हा लेख लिहिते आहे. फोटोत माझे आजी-आजोबा आहेत. आबांच्या डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी, अंगात सदरा. आजी जांभळ्या नऊवारीत, कपाळाला ठसठशीत कुंकू, हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवट ठिपके. मागे काळ्या दगडाच्या पायऱ्या आणि उन्हात चकाकणारं कृष्णेचं पाणी. लग्नाला ५० वर्षं झाली म्हणून हा फोटो मोठा करून ओटीवर लावायचा होता.

पहिल्यांदा तो मी एका स्टुडिओत दिला. तीन दिवसांनी फ्रेम घरी आली. आजीनं चष्मा लावला, फ्रेम दाराशी उजेडात नेली आणि बराच वेळ बघून म्हणाली, "माझं गोंदण कुठं गेलं गं?" चेहरा उजळ केला होता, सुरकुत्या गुळगुळीत केल्या होत्या आणि त्या भरात लहानपणी गावच्या जत्रेत गोंदवून घेतलेले ते तीन ठिपकेही गेले होते. ती फ्रेम ओटीवर लागली नाही. मूळ फोटो माझ्या फोनमध्ये होता. तोच घेऊन मी पुन्हा पहिल्यापासून बसले.

बाहेर काढलेल्या फोटोत साधारण तीनच गोष्टी बिघडतात. चेहऱ्यावर उजेड कमी-जास्त पडतो, आजूबाजूचा रंग त्वचेवर चढतो आणि मागचं काहीतरी चेहऱ्यापेक्षा जास्त डोळ्यांत भरतं. एडिटिंग या तीन गोष्टींचं करायचं. चेहरा, वय आणि वर्ण जसा आहे तसाच राहू द्यायचा. खालची प्रत्येक पायरी मी याच अटीवर लिहिली आहे.

सुरुवातीची तयारी

मी मोबाइलवर दोन ॲप वापरते. पहिलं स्नॅपसीड. ते २०११ मध्ये निक सॉफ्टवेअर या कंपनीनं आणलं, पुढच्याच वर्षी ती कंपनी गूगलनं घेतली. ॲप फुकट आहे आणि या लेखातलं बहुतेक काम त्यात होतं. दुसरं लाइटरूम. त्याची मोबाइल आवृत्ती खातं उघडून फुकट वापरता येते, काही साधनांना मात्र पैसे पडतात. कॉम्प्युटरवर बसून काम करायचं असेल तर डार्कटेबल आणि गिम्प पूर्ण मोफत आहेत. आवृत्ती बदलली की बटणांच्या जागा बदलतात, म्हणून जागेपेक्षा साधनाचं नाव आणि त्याचं काम लक्षात ठेवा.

फोटो मूळ फाइलच असायला हवा. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो आकसून येतो, त्यातले बारकावे निघून गेलेले असतात. पुतण्याच्या फोनमध्ये फोटो असेल तर त्याला 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' असं सांगा. मग फाइल आहे तशी येते.

फोनच्या स्क्रीनचा रात्रीचा पिवळसर मोड बंद करा. हे विसरलात तर तुम्ही रंग जुळवाल स्क्रीनच्या पिवळेपणाला, आणि सकाळी फोटो निळा दिसेल. ब्राइटनेस मध्यावर ठेवा, आपोआप कमी-जास्त होणारी सोय तेवढ्यापुरती बंद ठेवा आणि घरात बसा. अंगणात उन्हात बसून एडिटिंग केलं की स्क्रीन अंधारी दिसते, आपण फोटो उजळवत राहतो आणि घरात आल्यावर तो पांढराफटक निघतो.

आणखी एक, पण हे फोटो काढतानाच बघायचं. अनेक फोनच्या कॅमेऱ्यात 'ब्यूटी' नावाची सोय असते आणि काहींत ती आधीपासून चालू असते. ती शून्यावर आणा. तिनं पुसलेलं गोंदण, तीळ किंवा व्रण कुठल्याही ॲपनं परत येत नाही, कारण तो फाइलमध्ये गेलेलाच नसतो.

कोणता फोटो निवडायचा

त्या दिवशी घाटावर मी एकूण २६ फोटो काढले होते. निवडताना प्रत्येक फोटो बोटांनी मोठा करून फक्त दोन जागा पाहिल्या: डोळे आणि टोपी.

डोळे रेखीव नसतील तर तो फोटो बाजूला ठेवा. हललेला किंवा फोकस चुकलेला चेहरा शार्पनिंगनं सुधारत नाही, फक्त खरखरीत होतो. टोपीचं कारण वेगळं आहे. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या फोटोतली ही सगळ्यात अवघड जागा. सावळा किंवा रापलेला चेहरा आणि त्याला लागूनच पांढरीशुभ्र टोपी. भर ऊन आणि झाडाखालची मोकळी सावली यांत साधारण तीन स्टॉपचा फरक असतो, म्हणजे उजेड आठपट कमी-जास्त. टोपीवर ऊन आणि चेहरा सावलीत असला की कॅमेऱ्याला दोन्ही सांभाळणं जड जातं.

टोपी मोठी करून पाहिल्यावर तिची घडी, शिवण, कापडाचा पोत काही दिसतो का? दिसत असेल तर फोटो वाचवता येतो. सगळं सपाट पांढरं असेल तर तिथं माहितीच उरलेली नाही. साध्या जेपेग फोटोत प्रत्येक रंगाच्या ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. २५५ ला टेकलेला भाग कितीही काळा केला तरी करडा सपाट ठिपकाच मिळतो. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची माहिती तशीच ठेवणाऱ्या फाइलमध्ये, १२ बिटला ४०९६ आणि १४ बिटला १६३८४ पायऱ्या असतात, म्हणून तिथं जास्त सावरता येतं. फोनमध्ये रॉची सोय असेल तर महत्त्वाच्या दिवशी ती चालू ठेवा. अंधारलेला चेहरा उजळवता येतो, जळलेलं पांढरं परत आणता येत नाही. फोटो थोडा अंधाराच आलेला बरा.

२६ पैकी तीन फोटो या दोन परीक्षांत उतरले. त्यातला एक घेतला, ज्यात आजी आबांकडे न बघता हसते आहे.

आधी काप आणि पातळी

मागे पाणी असेल तर पाण्याची कड आडवी सरळ करा. स्नॅपसीडमध्ये 'रोटेट', लाइटरूममध्ये 'क्रॉप'मधलंच चाक. घाटाच्या पायऱ्यांवरून पातळी जुळवू नका. त्या तिरक्या दिसतात, कारण आपण बाजूला उभे असतो.

कापताना एक हिशेब बहुतेक जण विसरतात. फोनचा फोटो सहसा ४:३ या मापाचा असतो, आणि ४×६ किंवा १२×१८ इंची प्रिंट ३:२ मापाची. ४००० बाय ३००० पिक्सेलचा आडवा फोटो ३:२ केला की उंची ३००० वरून २६६७ वर येते, म्हणजे वरून-खालून मिळून नववा भाग जातो. हे तुम्ही स्वतः केलं नाही तर लॅबवाला करतो, आणि कात्री कुठं लागली ते फ्रेम घरी आल्यावर कळतं. आबांच्या टोपीचं टोक असंच गेलं असतं. म्हणून 'क्रॉप'मध्ये ३:२ निवडून चौकट स्वतः बसवा. टोपीच्या वर दोन बोटं मोकळी जागा ठेवा. खालची कड मनगटावर, कोपरावर किंवा गुडघ्यावर आणू नका, सांध्यावर कापलं की अवयव तुटल्यासारखा वाटतो. इन्स्टाग्रामसाठी उभा फोटो हवा असेल तर वेगळी प्रत करून ४:५ ला कापा, तिथं १०८० बाय १३५० पिक्सेल पुरतात.

रंग: पिंपळाची हिरवी छाया

झाडाखाली काढलेल्या फोटोत उजेड पानांतून गाळून येतो, म्हणून चेहऱ्यावर हिरवट झाक चढते. हिरवळीवर बसलेल्या माणसाच्या हनुवटीखाली ती खालूनही येते. लाल मंडपाखाली चेहरे लाल, निळ्या ताडपत्रीखाली निळे. आपल्या डोळ्यांना तिथं हे जाणवत नाही कारण मेंदू आपोआप जुळवून घेतो. कॅमेरा काही अंशी जुळवतो, बाकीचं आपल्याला करावं लागतं.

यासाठी 'व्हाइट बॅलन्स' उघडा. त्यात दोन पट्ट्या असतात. 'टेंपरेचर' ही निळ्यापासून पिवळ्यापर्यंत, 'टिंट' ही हिरव्यापासून गुलाबीपर्यंत. झाडाखालच्या फोटोला खरी गरज टिंटची असते. मी ती गुलाबीकडे १० च्या आसपास नेली आणि आजीचा चेहरा एकदम माणसात आला. टेंपरेचरला फारसा हात लावला नाही.

याच साधनात थेंबनळीचं चिन्ह असतं. ते पांढऱ्या किंवा करड्या जागेवर टेकवलं की ॲप स्वतः रंग जुळवतं. बऱ्याच ठिकाणी सल्ला मिळतो की पांढऱ्या कपड्यावर टेकवा. आपल्या घरच्या पांढऱ्या कपड्यांना तो लागू होत नाही. आबांच्या टोपीला आजी आजही नीळ घालते. डिटर्जंटमधल्या उजळपणाच्या द्रव्यांमुळेही उन्हात कापड निळसर झळकतं. त्या टोपीवर थेंबनळी टेकवली की ॲप निळ्याला पांढरं समजतं, सगळा फोटो पिवळा करतं आणि माणसं कावीळ झाल्यासारखी दिसतात. मी टेकवून पाहिली, तसंच झालं. त्यापेक्षा सावलीतला कोरडा करडा दगड किंवा सिमेंटचा कठडा घ्या, नाहीतर थेंबनळी सोडून द्या आणि पट्ट्या हातानं हलवत चेहऱ्याकडे बघत राहा. चेहरा बरोबर दिसला की टोपी थोडी निळसर राहिली तरी चालेल. ती खरोखर निळसरच आहे.

संध्याकाळच्या फोटोंना हे सगळं उलटं लागू आहे. सूर्य कलल्यावरचा सोनेरी उजेड काढून टाकला तर त्या वेळेचा अर्थच गेला. तिथं पिवळेपणा नाक-गालावर नारिंगी रंग फासल्यासारखा दिसत असेल तरच थोडा कमी करा. पावसाळ्यात ढगाळ उजेडात फोटो निळसर आणि मळकट येतो, तिथं टेंपरेचर पिवळ्याकडे थोडं आणि कॉन्ट्रास्ट थोडा वाढवला की पुरे.

उजेड: टोपी खाली, चेहरा वर

आता स्नॅपसीडचं 'ट्यून इमेज' किंवा लाइटरूमचं 'लाइट' उघडा. नवीन माणूस इथं पहिल्यांदा 'ब्राइटनेस'ची पट्टी ओढतो. तिनं चेहरा उजळतो आणि त्याबरोबर टोपी जळते, पाणी जळतं, आकाश जातं.

मी आधी 'हायलाइट्स' खाली घेते. या फोटोला उणे ५० घेतलं. टोपीच्या घड्या दिसायला लागल्या, पाण्याची चकाकी शांत झाली. मग 'शॅडोज' अधिक २५. चेहरे सावलीतून बाहेर आले, पिंपळाच्या खोडाची साल दिसू लागली. इथं हात आवरायचा असतो. शॅडोज ६०–७० पर्यंत नेल्या की अंधाऱ्या भागात दाणे उठतात, काळा रंग राखाडी होतो आणि सगळा फोटो सपाट, कॅलेंडरवरच्या चित्रासारखा दिसतो. सावली ही उन्हाचीच खूण आहे. घाटावर ऊन होतं हे फोटोत कळलं पाहिजे.

राखाडीपणा आलाच असेल तर लाइटरूममध्ये 'ब्लॅक्स' थोडे खाली घ्या, स्नॅपसीडमध्ये 'कॉन्ट्रास्ट' ५ ते १० वाढवा. स्नॅपसीडमधल्या 'अँबियन्स' पट्टीचा मोह होतो. ती उजेड आणि रंग दोन्ही एकदम हलवते, म्हणून चेहऱ्यांच्या फोटोत मी ती १० च्या पुढे नेत नाही.

हिस्टोग्रामचा आलेख, म्हणजे फोटोत डावीकडे किती अंधार आणि उजवीकडे किती उजेड आहे ते दाखवणारा आलेख, बघण्याची सोय असेल तर ती चालू करा. उजव्या कडेला आलेख भिंतीला चिकटून उभा राहिला असेल तर पांढरं जळतंय. गोरा चेहरा आलेखात उजवीकडे आणि सावळा चेहरा मध्याच्या डावीकडे असतो, आणि तो तिथंच असायला हवा. सावळा चेहरा ओढून उजव्या बाजूला आणण्याचं काहीही कारण नाही.

चेहऱ्यावरचे कवडसे

या फोटोचा सगळ्यात जास्त वेळ इथं गेला. पानांतून आलेले उन्हाचे कवडसे आजीच्या डाव्या गालावर आणि नाकाच्या शेंड्यावर पडले होते. बाकीचा चेहरा सावलीत.

सगळ्या फोटोचा उजेड हलवून हे सुटत नाही, तेवढ्याच जागेवर काम करावं लागतं. स्नॅपसीडमध्ये 'सिलेक्टिव्ह' निवडून गालावरच्या कवडशावर बोट टेका. एक ठिपका येतो. दोन बोटांनी त्याचा परीघ लहान करा, लाल छटा जिथवर दिसते तिथवर परिणाम होतो. ॲप त्या परिघातला ठिपक्यासारख्याच रंगाचा भाग पकडतं, म्हणून शेजारच्या सावलीला धक्का लागत नाही. मग आडवं बोट फिरवून ब्राइटनेस उणे २० ते उणे ३०. नाकाच्या शेंड्यावर दुसरा ठिपका, तिथं उणे १५. तिसरा ठिपका कपाळावर, पण कुंकवाच्या बाजूला, परीघ पूर्ण चेहऱ्याएवढा, ब्राइटनेस अधिक १५. ठिपका कुंकवावर टेकला तर ॲप लाल रंगाला धरून बसतं आणि त्वचा तशीच राहते.

कवडसे पूर्ण पुसायचा प्रयत्न करू नका. जिथं कवडशात त्वचा पांढरी झालेली असते तिथं ती काळवंडवली की राखेचा डाग पडल्यासारखं दिसतं. नजर आधी डोळ्यांकडे जावी आणि मग गालाकडे, इतपत ते मऊ झाले की थांबा.

आबांच्या बाबतीत अडचण वेगळी होती. ऊन वरून येत होतं, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली. दुपारच्या सगळ्या फोटोंत ही असते. त्यासाठी 'ब्रश'मधलं 'डॉज अँड बर्न' घेतलं, जोर ५ ठेवला, फोटो खूप मोठा केला आणि भुवईखालच्या सावलीवर बोट दोनदाच फिरवलं. मोठा केल्यावर ब्रश बारीक होतो, हे लक्षात आलं की हे काम सोपं जातं. बुबुळातल्या उजेडाच्या ठिपक्यावरून एकदा हलकंच. डोळ्यांचा पांढरा भाग उजळवू नका. सत्तरीतल्या माणसाचे डोळे थोडे पिवळसर, थोडे ओलसर असतात. ते दुधासारखे केले की चेहरा मेणाचा दिसतो.

लाइटरूममध्ये हेच काम 'मास्किंग'मधल्या 'रेडियल ग्रेडियंट'नं होतं. चेहऱ्याभोवती लंबगोल काढायचा, कड मऊ ठेवायची आणि एक्स्पोजर ०.३ ते ०.५ वाढवायचं.

त्वचा

इथं मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण आजीची ती फ्रेम इथंच बिघडली होती.

त्वचेचा वर्ण कोणताही असो, तिच्या रंगाचं मूळ नारिंगीत असतं. गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या त्वचेत मुख्य फरक उजेड-काळोखाचा असतो, रंगछटेचा फार थोडा. लाइटरूमच्या 'कलर मिक्स'मध्ये प्रत्येक रंगाच्या तीन पट्ट्या असतात: छटा (ह्यू), गडदपणा (सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा) आणि उजेड (ल्युमिनन्स). त्वचा मुख्यतः नारिंगीच्या पट्टीवर चालते. नारिंगीचा उजेड वाढवला की माणूस 'उजळ' होतो. स्टुडिओत हेच केलं जातं, कधी गिऱ्हाइकानं मागितलं म्हणून, कधी न मागता. मी ती पट्टी शून्यावर ठेवते. हिरवट झाक गेल्यावरही त्वचा पिवळी वाटत असेल तर नारिंगीची छटा लालकडे ३–४ नं सरकवते, भडक वाटत असेल तर गडदपणा ५ नं कमी करते. एवढंच.

लालची पट्टी हलवताना कुंकवाकडे बघा, पिवळ्याची हलवताना मंगळसूत्राच्या वाट्यांकडे आणि हळदीकडे. ओठांची लाली कमी करायला लाल खाली घेतला आणि कुंकू विटकरी झालं, हे माझ्या हातून घडलेलं आहे. तेव्हापासून कुंकू हीच माझी लाल रंगाची खूणगाठ.

हे गोरं करण्याचं वेड फक्त आपल्याकडचं नाही. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक लॅबना रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या स्त्रीचा फोटो असलेलं संदर्भकार्ड देत असे, त्याला शर्ली कार्ड म्हणत. यंत्रं त्या चेहऱ्याला बरोबर ठरवून लावली जायची, आणि सावळी माणसं त्यात काळवंडून निघायची. २०२२ मध्ये गूगलनं हार्वर्डमधले समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा वर्णांची मोजपट्टी वापरायला घेतली, ती ही चूक सुधारण्यासाठीच. तरीही 'ऑटो' बटण दाबल्यावर आलेला उजेड डोळे झाकून स्वीकारू नका. घरच्या माणसाचा वर्ण तुम्हाला ॲपपेक्षा जास्त माहीत आहे.

आता गुळगुळीत करण्याबद्दल. हे फिल्टर त्वचेवरचा बारीक फरक शोधतात आणि आजूबाजूच्या रंगात मिसळून टाकतात. पुरळ हा बारीक फरक, सुरकुती हा बारीक फरक, आणि गोंदण हाही बारीकच फरक. फिल्टरला यातलं काय जपायचं ते कळत नाही. गोंदणाचा रंग त्वचेच्या आतल्या थरात असतो, म्हणून तो काळा असूनही वरून निळसर-हिरवा आणि पुसट दिसतो. सावळ्या त्वचेवर तर फारच हलका. फिल्टरच्या पहिल्या फटक्यात तोच जातो.

म्हणून पूर्ण चेहऱ्याला फिल्टर न लावता 'हीलिंग'नं एकेक डाग काढा. काय काढायचं याचा माझा नियम असा: १५ दिवसांत आपोआप जाणारं असेल तर काढायचं. पुरळ, डास चावल्याची गांधी, गालाला लागलेला गुलाल. तीळ, व्रण, गोंदण, देवीचे वण, सुरकुत्या राहू द्यायच्या. शंका आली तर त्या माणसालाच विचारा. एखाद्या मुलीला तिचा भाजल्याचा डाग फोटोत नको असेल तर तो तिचा निर्णय, आणि हवा असेल तर तोही तिचाच.

घामाची चकाकी हीलिंगनं पूर्ण काढू नका, 'सिलेक्टिव्ह'चा छोटा ठिपका टाकून उणे १० करा. आणि 'स्ट्रक्चर' किंवा 'क्लॅरिटी' पूर्ण फोटोला वाढवू नका. दगड सुंदर दिसतात, पण म्हाताऱ्या माणसाच्या सुरकुत्या कोरून काढल्यासारख्या होतात. ऊन बाजूनं येत असल्यामुळे सुरकुत्या खऱ्याहून खोल आल्या असतील तर लाइटरूममध्ये चेहऱ्याच्या मास्कवर 'टेक्स्चर' उणे १० करा. त्यानंतर फोटो मोठा करून गोंदण दिसतंय का ते बघा. दिसत नसेल तर मागे फिरा.

मागची बाजू

मेणवलीचा घाट फोटोत हवा होता. नाना फडणवीसांचा वाडा, मेणेश्वराचं देऊळ आणि चिमाजी आप्पांच्या १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आलेली ती पोर्तुगीज घंटा, हे सगळं त्या पायऱ्यांच्या आसपासच आहे. आबा लहानपणी तिथं पोहायला शिकले. त्यामुळे मागचं सगळं धूसर करून टाकण्यात अर्थ नव्हता.

धूसर करायचंच असेल तर 'लेन्स ब्लर' वापरताना टोपीची कड, उडालेले केस, पदराचं टोक आणि दोन माणसांच्या मधली फट नीट तपासा. खोटेपणा तिथं उघडा पडतो. शिवाय पायाखालची जमीन एकदम धूसर झाली की माणसं हवेत उभी दिसतात.

मी तीन किरकोळ गोष्टी केल्या. पायरीवर पडलेली प्लास्टिकची पिशवी हीलिंगनं काढली. 'कलर मिक्स'मध्ये हिरव्याचा गडदपणा उणे १५ आणि पिवळ्याचा उणे १० केला, कारण फोनचा कॅमेरा पानांना प्लास्टिकच्या तोरणासारखी हिरवी करतो. पानांच्या रंगात पिवळाच जास्त असतो, म्हणून नुसता हिरवा हलवून फरक पडत नाही. पिवळा हलवल्यावर मात्र मंगळसूत्र पुन्हा बघून घेतलं. आणि नऊवारीच्या जांभळ्याचा गडदपणा १० नं उतरवला. असे गडद जांभळे, राणी रंग उन्हात इतके भडकतात की कापडाची वीण आणि काठाची नक्षी एकाच रंगात बुडते. गडदपणा कमी केला की काठावरची कुयरी परत दिसायला लागते.

कडा थोड्या काळोख्या करणारं 'व्हिनेट' उणे १० पुरतं. ते आहे हे बघणाऱ्याला कळलं, तर ते जास्त झालं.

शार्पनिंग, आणि मग रात्रभर विश्रांती

शार्पनिंग सगळ्यात शेवटी. स्नॅपसीडच्या 'डिटेल्स'मध्ये 'शार्पनिंग' १० ते १५. ते चेहऱ्यावर खरखरीत वाटलं तर 'व्ह्यू एडिट्स'मध्ये जाऊन त्या पायरीला ब्रश लावता येतो, म्हणजे फक्त डोळे, टोपी, दागिने आणि काठ यांनाच ते मिळतं. याच यादीत आधीची कुठलीही पायरी उघडून कमी-जास्त करता येते, हा स्नॅपसीडचा मोठा गुण आहे.

मग फोन बाजूला ठेवा. तासभर एकाच चेहऱ्याकडे बघितल्यावर डोळे सरावतात आणि जास्त झालेलं कळेनासं होतं. सकाळी उठल्यावर फोटो उघडा आणि बोट दाबून मूळ फोटो व आताचा फोटो आलटून-पालटून पाहा. माझ्या फोटोत सकाळी शॅडोज जास्त वाटल्या. २५ च्या १८ केल्या. मग फोन आजीच्या हातात दिला. तिनं मोठा करून आधी हनुवटी पाहिली.

सेव्ह आणि प्रिंट

सेव्ह करताना नेहमी नवीन प्रत करा, मूळ फाइल तशीच ठेवा. जेपेगची गुणवत्ता ९५ च्या वर आणि रंग साठवण्याच्या पद्धतींपैकी एसआरजीबी निवडा. बहुतेक फोन आणि गल्लीतल्या लॅब त्यावरच चालतात.

प्रिंटसाठी दर इंचाला ३०० पिक्सेल हे चांगलं माप. ४×६ इंचाला १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात. आमचा कापलेला फोटो ४००० बाय २६६७ होता, १२×१८ इंचाला त्याचे इंचाला २२२ पिक्सेल पडतात. भिंतीवर लावून हातभर अंतरावरून बघायचा असेल तर तेवढे पुष्कळ झाले. कागदावर फोटो स्क्रीनपेक्षा थोडा अंधारा येतो, कारण स्क्रीन स्वतः उजेड टाकते आणि कागद टाकत नाही. प्रिंटच्या प्रतीत ब्राइटनेस ५ नं वाढवून ठेवा. रोज हाताळायच्या अल्बमला चकचकीत कागद चालेल, ओटीवरच्या फ्रेमला मॅट घ्या, दारातून येणारा उजेड काचेवर आणि कागदावर असा दोनदा चमकत नाही.

लॅबमध्ये फाइल पेन ड्राइव्हवर न्या किंवा मेल करा. आधी एकच ४×६ ची प्रिंट काढायला सांगा आणि ती दुकानाच्या ट्यूबलाइटखाली न बघता रस्त्यावर, दिवसाच्या उजेडात येऊन बघा. आणि ऑर्डर लिहून घेणाऱ्याला स्पष्ट सांगा: "करेक्शन करू नका, फाइल आहे तशीच काढा." अनेक लॅबच्या यंत्रात चेहरे ओळखून उजळवणारी सोय चालू असते, आणि तुम्ही बोलला नाहीत तर ती तुमचं सगळं काम तिथंच पुसते. मी हे चिठ्ठीवर लिहून फाइलसोबत दिलं, आणि खाली आणखी एक ओळ: हनुवटीवरचे तीन ठिपके डाग नाहीत, ते राहू द्या.